पुलाच्या अलीकडे

फेब्रुवारीत, आरव्ही अजून
खिडक्यांपर्यंत बर्फात रुतलेली असताना
हाल्वर स्वयंपाकघरातल्या टेबलावर
जूनमधला एक आठवडा पसरून बसतो.

नकाशाचे कोपरे उचलतात,
म्हणून एका टोकाला मिठाची बाटली, एका टोकाला माझा चष्मा.
चष्म्याशिवाय मला ते तळं दिसत नाही.
"हे काय, इथे," म्हणून तो बोट ठेवतो.
मग तर मुळीच दिसत नाही.

रेइनोला चार फोन झाले.
जंगलातलं लॉज रेइनोचं, तळं रेइनोचं,
तळ्यातले ट्राउटही त्याचेच,
दर मे महिन्यात टँकरनं आणून सोडलेले.
परवाना लागत नाही.
गळाला लागलेला परत पाण्यात टाकायचा नाही.
इंचाला नव्वद सेंट.

हे हाल्वरच्या जिव्हारी लागलं.
"इंचावर?" रात्री दिवा मालवल्यावर पुन्हा.
"कापडासारखा?"
सकाळी मात्र, मासा अजून कुठल्याशा हौदात वीतभर,
आणि ह्यानं बारा इंची तीन धरून
बत्तीस डॉलर चाळीस सेंट
कॉफीच्या डब्यात वेगळे काढून ठेवले.

गाडी मी चालवणार. ह्यावर चर्चा नाही.
सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली मी
काउंटी रोड नऊवर,
डिझेल गोठायचं अशा सकाळीसुद्धा.
हाल्वर नकाशा वाचेल,
आणि वळण मागे गेलं की सांगेल.

यादी फ्रिजवरून खाली उतरत चालली:
उंदरांचे सापळे, गॅसची टाकी,
नळ्यांतलं गुलाबी अँटिफ्रीझ धुऊन काढणं,
चाकांखाली सरकवायला फळ्या,
डासांचं औषध (दोन), पुन्हा डासांचं औषध.

पाचवा फोन रेइनोनं केला.
"अरे, पूल सांगायचा राहिला."
लॉजच्या दोन मैल अलीकडे, ओढ्यावर, लाकडी.
सहा टन.
"तुमची भरते किती?"

एप्रिलच्या चिखलात आम्ही धान्याच्या कोठारावर गेलो,
सोयाबीनच्या ट्रकमागे रांग लावून
वजनकाट्यावर चढलो, दोघंही आत बसून, श्वास धरून,
जणू त्यानं काही फरक पडणार होता.
लायल खिडकीतून ओरडला:
सहा टन, वर एकशे साठ पौंड!

पाण्याची टाकी तर आधीच रिकामी.
मग संध्याकाळभर उतरवाउतरव:
दुसरी खुर्ची, हातोड्यांची पेटी,
सिग्ने लहान होती तेव्हाची मागची गादी.
ती पुन्हा वर चढली. कोणी चढवली, कोणी विचारलं नाही.
लोखंडी तव्याला हात घातला तेव्हा मी म्हटलं,
"मग तळशील कशात, नव्वद सेंटचा इंच?"

रात्री न्हाणीघराचं दार लावून
हाल्वर बराच वेळ आत होता.
बाहेर आला. "एकशे ऐंशी. बुटांसकट."
आणि यादीत, डासांच्या औषधाखाली,
पेन्सिलीनं:
पूल – मी चालत.

मला ते आत्ताच दिसतंय, चष्म्याशिवाय.
बसवर माझा एकच नियम असायचा:
पोर रस्ता ओलांडून फाटकाला हात लावेपर्यंत
ब्रेकवरचा पाय हलवायचा नाही.
लाल दिवे उघडझाप करत राहोत,
मागे कोण खोळंबतंय ते खोळंबो.
किती टोप्या, किती दप्तरं मी आरशात
अशी पलीकडे पोचवली.

आता मी पलीकडे, इंजिन चालू,
आणि आरशात एक माणूस, हातात हिरवी गळांची पेटी,
एकेक फळी बघून पाय टाकणारा.
मधोमध थांबेल तो. थांबणारच.
वाकून बघेल, खालच्या पाण्यात
न मोजलेले मासे आहेत का.

त्यानं पुढे वेळही लिहिली होती: दोन मिनिटं.
मी ती खोडून
वीस केली.